लेखकाने निर्धास्तपणे फाईल हातात द्यावी म्हणून काय करायचं: मराठीत फ्रीलान्स एडिटिंग करणाऱ्यांसाठी

मी घरून मराठी पुस्तकांचं एडिटिंग करते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिलंच पुस्तक काढत असतात, कुणी रिटायर्ड शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी दवाखाना सांभाळून रात्री लिहिणाऱ्या डॉक्टर, आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकवाले. नवीन एडिटर मला विचारतात की क्लायंट मिळवायचे कसे, पण मला वाटतं आधी हे कळायला हवं की आलेला क्लायंट मनात काय घेऊन येतो. त्याच्या मनात तीन भीती असतात. ही माझं लिखाण बदलून टाकेल का, पैसे घेऊन फोन उचलणं बंद करेल का, आणि माझं लिखाण आणखी कुणाला दाखवेल का. तो हे तोंडाने बोलत नाही. बोलतो ते एवढंच, "रेट काय तुमचा?" आपलं सगळं काम या तीन भीतींना उत्तर देण्याचं असतं, आणि ते बोलून होत नाही, दाखवावं लागतं.

हे मला एका चुकीतून कळलं. सातारा भागातल्या एका शिक्षकांचं आत्मकथन माझ्याकडे होतं. त्यात त्यांची आई बोलते ते सगळं "म्या म्हनलं", "त्ये व्हतं" असं होतं आणि मी ते "मी म्हटलं", "ते होतं" करून टाकलं, जवळजवळ चाळीस पानं, ट्रॅक चेंजेस (वर्डमधली प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी सोय) न लावता. फाईल पाठवली, दोन दिवस काहीच उत्तर नाही. मग फोन आला आणि ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, काम नीटच केलंय तुम्ही, पण ही आता माझी आई वाटत नाही." मी मूळ फाईल शेजारी उघडून त्या आईचं एकेक वाक्य परत जागेवर बसवलं, त्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत, पण त्या दोन दिवसांत त्या माणसाला जो त्रास झाला तो माझ्यामुळे झाला. खाली जे लिहितेय ते त्यानंतर हळूहळू बसवलेलं आहे.

पहिली पायरी: पहिल्या फोनवर रेट सांगू नका

पहिल्या फोनला विचारा की पुस्तक कशाबद्दल आहे, कुणासाठी लिहिलंय, आधी कुणी वाचलंय का, प्रकाशक ठरलाय की स्वतःच काढणार आहात. आणि ऐका. दहा-पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या. मग नेमकं कोणतं काम हवंय ते त्याच्या भाषेत समजावून सांगा, कारण लोक सगळ्यालाच "जरा प्रूफ बघून द्या" म्हणतात. मी असं सांगते: मुद्रितशोधन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं, टायपिंगच्या चुका, बाकी एकाही वाक्याला हात लावायचा नाही. भाषासंपादन म्हणजे अडखळणारं वाक्य सरळ करायचं, एकच गोष्ट दोनदा आली असेल तर सांगायचं, शब्द चुकीच्या अर्थाने आला असेल तर पर्याय द्यायचा. आणि आशयाचं संपादन म्हणजे हे प्रकरण आधी घ्या, हा प्रसंग वाढवा, इथे वाचक कंटाळेल, असं सगळं. तिन्ही कामांना वेळ वेगळा लागतो आणि पैसेही वेगळे लागतात. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं नाही तर शेवटी तुम्ही म्हणणार मी प्रूफच बघायला घेतलं होतं आणि तो म्हणणार मग वाक्यं का नाही सुधारली, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असणार.

काम आपल्याला झेपणारं नसेल तर तेव्हाच सांगा. कवितासंग्रह मी घेत नाही, मला वृत्तातलं पुरेसं कळत नाही आणि मी तसं सांगते. ज्यांना मी असं "नाही" म्हटलं त्यांतल्या दोन जणांनी पुढे मला आपल्या ओळखीचे लेखक पाठवलेत.

दुसरी पायरी: नमुना, पण पुस्तकाच्या मधला

साधारण हजार शब्दांचा नमुना एडिट करून द्या. फुकट द्यायचा की नाही यावर लोक वाद घालतात, मी पुस्तकासाठी फुकट देते, छोट्या लेखासाठी नाही. महत्त्वाचं हे की नमुना पहिल्या प्रकरणातला घेऊ नका. पहिलं प्रकरण लेखकाने वीस वेळा वाचून घासूनपुसून ठेवलेलं असतं, खरं पुस्तक कसं आहे ते मधल्या पानांत कळतं जिथे तो घाईत होता. मी शब्दसंख्या बघून बरोबर मधली तीन-चार पानं मागते. त्यात बोलणं असलेलं एक पान हवंच.

नमुन्यातला प्रत्येक बदल दिसला पाहिजे. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस, गूगल डॉक्समध्ये सजेस्टिंग मोड. बऱ्याच ज्येष्ठ लेखकांना लाल-निळ्या रेषा बघून धडकी भरते, त्यांना वाटतं आपलं लिखाण इतकं वाईट होतं का, म्हणून नमुन्यासोबत दहा मिनिटांचा फोन करायचाच आणि सांगायचं की या रंगीत खुणांपैकी निम्म्याहून जास्त निव्वळ ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत, तुमच्या वाक्याला हात लागलाय तो फक्त या चार ठिकाणी. ज्यांना कॉम्प्युटर जमतच नाही त्यांना मी प्रिंट काढून लाल पेनाने करेक्शन करून पोस्टाने पाठवलंय. वेळ जातो, पण त्या कागदावर त्यांना सगळं दिसतं.

तिसरी पायरी: ठरलेलं लिहून काढा

स्टॅम्पपेपर वगैरे लागत नाही, एक साधा ईमेल पुरतो, त्यावर त्यांचं "मान्य" असं उत्तर आलं की झालं. व्हॉट्सॲपवर ठरवलं तर ते दोन महिन्यांनी सापडत नाही, त्यामुळे बोलणं कुठेही होऊ दे, शेवटी ईमेल कराच. त्यात काय असावं: कोणत्या प्रकारचं काम, मूळ फाईलचे शब्द किती, रेट, किती फेऱ्या (म्हणजे फाईल किती वेळा एडिट करून देणार), कोणत्या तारखेला काय मिळणार, पैसे कधी कधी द्यायचे, आणि मधेच काम थांबलं तर काय.

रेट शब्दावर ठेवा, पानावर नको. पान म्हणजे काय यावरच भांडण होतं, कुणी ए-फोर धरतं, कुणी छापील डेमी (पुस्तकाचा एक आकार) पान धरतं, कुणी फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याच्या हिशेबात बोलतं, आणि फॉन्ट दोन पॉइंटने वाढवला की पानं वाढतात. शब्द मात्र वर्डमध्ये खाली दिसतात, दोघांनाही तेच दिसतात. मोजायचे ते मूळ फाईलचे, एडिट झालेल्याचे नाही, नाहीतर तुम्ही काटछाट कराल तसे तुमचेच पैसे कमी होतील.

पैसे मी तीन हप्त्यांत घेते. सुरुवातीला तीस टक्के, पहिली फेरी दिल्यावर चाळीस, शेवटची फाईल देताना तीस. सगळे आधी मागितले तर तो घाबरतो, सगळे शेवटी ठेवले तर आपण अडकतो. संस्था किंवा कंपनीचं काम असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापला जाऊ शकतो, तो कापणार का हे आधीच विचारून घ्या म्हणजे नंतर पैसे कमी का आले यावर कुरबूर नको.

तारीख देताना आपला खरा वेग धरा. माझा भाषासंपादनाचा वेग तासाला साधारण हजार शब्द आहे आणि दिवसाला चार तासांवर मी ते काम नीट करू शकत नाही, पाचव्या तासाला डोळे वाचतात पण चूक पकडत नाहीत. म्हणजे साठ हजार शब्दांच्या पुस्तकाला पंधरा दिवस फक्त पहिल्या वाचनाला. दुसरं वाचन, शंका, आजारपण, घरचं कार्य धरून मी दीड महिना सांगते. उशीर होणार असं दिसलं तर ठरलेल्या तारखेच्या आधी कळवायचं, तारीख उलटल्यावर नाही. दिवाळी अंकांच्या बाबतीत तर हे फारच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनोरंजन मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली परंपरा आहे, आणि अंक दिवाळीच्या आधी स्टॉलवर आला नाही तर त्या संपादकाचं वर्षाचं गणित कोसळतं. तुमचे दोन दिवस तिकडे प्रेसवाल्याची पाळी चुकवतात.

चौथी पायरी: फाईल सांभाळणं

आल्या आल्या मूळ फाईलची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला कधीच हात लावू नका. कामाच्या फाईलच्या नावात नंबर आणि तारीख घाला. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल शेवटची" अशा तीन फाईली झाल्या की लेखक एकीत करेक्शन करतो आणि छापायला दुसरी जाते, हे मी होताना बघितलंय.

फॉन्टचं बघा. अजूनही बरंच टायपिंग श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये असतं आणि ते युनिकोडमध्ये आणताना अक्षरं तुटतात, जागा सोडतात. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे "ऱ्या" चा "र्या" होणं. "सह्याद्रीच्या दऱ्या" च्या जागी "सह्याद्रीच्या दर्या" झालं तर दऱ्यांचा समुद्र झाला, आणि दोन्ही खरे शब्द असल्यामुळे स्पेलचेकर काही बोलत नाही. "आचाऱ्यांना" स्वयंपाक करणाऱ्यांना, "आचार्यांना" म्हणजे गुरूंना. कन्व्हर्ट केल्यावर "र्या" शोधून एकेक जागा डोळ्यांनी तपासा आणि लेखकाला सांगा की ही चूक त्याची नव्हती, फॉन्टची होती. त्याला फार बरं वाटतं.

आणि लिखाण कुणालाही दाखवायचं नाही. घरात मोठ्याने वाचून दाखवायचं नाही, त्यातल्या वाक्याचा स्क्रीनशॉट टाकायचा नाही, नाव न घेताही नाही. एखाद्या आत्मकथनात घरातल्या गोष्टी असतात, कोर्टातल्या असतात. ऑनलाईन कन्व्हर्टर किंवा एआय टूलमध्ये मजकूर टाकायचा असेल तर लेखकाला आधी विचारा. मी विचारते आणि बहुतेक जण नको म्हणतात, मग नाही टाकत. ही ओळ माझ्या पहिल्या ईमेलमध्येच असते.

पाचवी पायरी: शैलीपत्रक

हे दोन पानांचं कागदपत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडतं आणि सगळ्यात कमी लोक करतात. पहिली वीस-पंचवीस पानं वाचली की लिहून काढायचं की या पुस्तकात आपण काय ठरवलंय. निवेदनात "केले, गेले" की "केलं, गेलं". आकडे अंकी की अक्षरी. "ऑफिस" की "ऑफीस". बोलण्याला दुहेरी अवतरण की एकेरी. माणसांची, गावांची, देवळांची नावं जशी यायला हवीत तशी. एका कादंबरीत दुसऱ्या प्रकरणातली सुमन नवव्या प्रकरणात सुमती झाली होती, लेखिकेने स्वतः चार वेळा वाचूनही ते सुटलं होतं, यादी केली म्हणून सापडलं.

लेखक शुद्धलेखनावर वाद घालेल तेव्हा "मला असं वाटतं" म्हणू नका, नियम दाखवा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, एकूण अठरा, शासनमान्य. "गरीब" पण "गरिबाला", "नागपूर" पण "नागपुरात", "कवी" पण "कविराज", हे सगळं त्यातून येतं. जुन्या वळणाचे लेखक "कांही", "नाहीं" असं लिहितात, त्यांना शाळेत तसंच शिकवलेलं होतं, तेव्हा ते बरोबरच होतं. त्यांना "चुकलंय" म्हणू नका, "नियम बदलला" म्हणा. त्याच नियमांत पात्राच्या तोंडच्या वाक्यात "असं केलं, मी म्हटलं" अशी बोलीतली रूपं वापरायला हरकत नाही असंही आहे, आणि केशवसुतांच्या आधीचं पद्य किंवा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य उतरवायचं तर ते मुळाप्रमाणेच छापायचं असंही आहे. नियम नीट वाचले असते तर मी त्या सातारच्या आईच्या बोलण्याला हात लावलाच नसता.

सहावी पायरी: प्रत्यक्ष काम आणि कॉमेंट लिहायची पद्धत

साध्या टायपिंगच्या चुकीला कारण द्यायची गरज नाही. पण वाक्य बदललं की बाजूला एक ओळ लिहा, का बदललं. आणि जिथे तथ्याचा, नात्याचा, सालाचा प्रश्न असेल तिथे स्वतः बदलायचंच नाही, विचारायचं. माझ्या एका कामातली कॉमेंट बघा:

"पान ४७ वर आजोबा १९४८ साली वारले असं आहे. पान ११२ वर ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायला बैलगाडीने गेले आहेत. ती निवडणूक १९५१-५२ ची. यापैकी कोणतं साल तपासून घ्यायचं?"

यात "तुम्ही चुकलात" कुठेच नाही. दोन पानं समोर ठेवलीत, एक माहिती दिलीय, निर्णय त्यांचा. लेखकाने घरी विचारलं तेव्हा कळलं की मत द्यायला गेलेले आजोबांचे धाकटे भाऊ होते, आणि त्यावरून त्यांनी अख्खा एक नवीन प्रसंग लिहिला जो पुस्तकात फार सुंदर आलाय.

आठवणी लिहिणाऱ्यांची सालं हमखास सरकतात. पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अशा तारखा आपण तपासून कॉमेंटमध्ये द्यायच्या. पण तपासताना उतावीळ होऊ नका. एका पुस्तकात १९६५ सालचा मुलगा "चार आण्याची भेळ" खातो आणि माझ्या हाताला खाज सुटली, कारण दशमान नाणी तर १९५७ च्या एप्रिलमध्येच आली. पण लोक पंचवीस पैशांना पुढेही कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होते, माझी आजी तर शेवटपर्यंत म्हणायची. ते तसंच ठेवलं, कॉमेंटसुद्धा टाकली नाही. काय बदललं नाही यावरून लेखक तुम्हाला जास्त ओळखतो.

प्रत्येक प्रकरणात एक तरी कॉमेंट अशी द्या की हे छान जमलंय, पण खरोखर आवडलं असेल तिथेच आणि नेमकं काय आवडलं ते सांगून. नुसतं "सुंदर" लिहू नका, "चूल विझल्यावरचा तो वास आला इथे" असं लिहा.

तीस-चाळीस पानं झाली की पाठवा, सगळं पुस्तक संपायची वाट बघू नका. पहिल्या हप्त्यात लेखकाला काय पटत नाहीये ते कळतं आणि पुढचं काम त्याप्रमाणे करता येतं. एवढं एक जरी केलं असतं तरी माझी ती चाळीस पानं वाया गेली नसती.

सातवी पायरी: त्याला माहीत नसलेलं सांगा

स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, हजारो रुपये मागणारे भेटतात. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी ऑनलाईन अर्ज करावा लागतो. हे सांगायला आपल्याला दोन मिनिटं लागतात. तसंच प्रकरणाच्या सुरुवातीला भावगीताच्या ओळी घालायची फार हौस असते. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे आणि हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात, त्यामुळे अलीकडच्या कवीच्या ओळी घ्यायच्या तर परवानगी घ्यायला सांगा, तुकोबांचा अभंग खुशाल घ्या. यात आपला काही फायदा नाही, पण नंतर नोटीस आली आणि एडिटरने का नाही सांगितलं असं झालं तर तो माणूस परत येणार नाही, आणि त्याचं ते म्हणणं रास्त असेल.

आठवी पायरी: मतभेद आणि चुका

लेखक तुमचा बदल नाकारेल. व्याकरणाचा प्रश्न असेल तर एकदा नियमासकट सांगा, शैलीचा असेल तर एकदा मत सांगा, मग सोडून द्या. पुस्तकावर नाव त्याचं आहे. जो बदल त्याने नाकारला तो दुसऱ्या फेरीत गुपचूप परत घालायचा नाही, हे मी दुसऱ्या एडिटरच्या कामात बघितलंय आणि लेखकाला ते छापल्यावर कळलं तेव्हा मला फोनवर सांगताना त्याचा आवाज कापत होता.

आपली चूक सुटली तर आपणच आधी सांगायचं. माझ्या एका कामात शेवटच्या फेरीत दोन प्रकरणांची अदलाबदल झाली आणि अनुक्रमणिका बदलायची राहिली, पुस्तक छापून आलं. माझ्या प्रतीत मला ते दिसलं तेव्हा लेखिकेच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्याच दिवशी फोन केला, काय झालं ते सरळ सांगितलं, प्रती पूर्ण वाटल्या गेल्या नव्हत्या म्हणून शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून आत घालायचं ठरलं, त्याचा खर्च मी दिला. त्यांचं दुसरं पुस्तक सध्या माझ्याकडेच आहे.

नववी पायरी: काम परत देताना

शेवटी तीन फाईली द्या. एक सगळे बदल दिसणारी, एक स्वच्छ, डीटीपीवाल्याला (छपाईसाठी पानं लावणाऱ्याला) द्यायची, आणि एक शैलीपत्रक. डीटीपी झाल्यावर ओळी तुटतात, जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे डमीवर (छपाईआधीच्या नमुना प्रतीवर) एकदा नजर टाकायची ठरलेली असेल तर तारीख लावून घ्या, ठरलेली नसेल तर लेखकाला निदान सांगा की हे बघायला कुणीतरी हवं. पुस्तकाचं नाव तुमच्या कामाच्या यादीत टाकायला त्याची परवानगी मागा, श्रेयपानावर तुमचं नाव घालायचं की नाही हेही त्याच्यावर सोडा. पैसे आले की पावती लगेच पाठवा. मूळ फाईल किती दिवस ठेवणार ते कळवा, मी एक वर्ष ठेवते आणि मग विचारून डिलीट करते. आणि शैलीपत्रक हातात देताना त्याला सांगा की दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा एडिटर मी असेन किंवा दुसरं कुणी, हा कागद आधी त्यांना द्या, म्हणजे तुमच्या आईचं बोलणं परत कुणी सुधारायला जाणार नाही.